कै. आंतोनियो झेवियर वाझ उर्फ चिक चॉकलेट



महोत्सवाच्या अंकात धर्मगुरूने एखाद्या संताचे चरित्र लिहावे, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. ती बाजूस सारून मी मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजविणाऱ्या एका गृहस्थाचे चरित्र लिहावयास बसलो आहे. याचे कारण आधी सांगितले नाही, तर आपणांपैकी वडीलधारी मंडळी मजवर रुष्ट होतील.

सुमारे दोन वर्षांपूर्वी आपल्या गायनवृंदात गिटार वाजविणाऱ्या एका मुलाने कम्युनियननंतरच्या गीतात दोन कडव्यांच्या मध्ये काही निराळेच स्वर वाजविले. ते पुस्तकात नव्हते आणि मी शिकविलेलेही नव्हते. मिस्सा संपल्यावर मी त्यास सॅक्रिस्टीत बोलावून चांगलेच खडसाविले. पुढील दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आपल्या वृंदातील वृद्ध व्हायोलिनवादक मजकडे आले आणि, तो मुलगा चाल विसरला नव्हता, चालीच्या आतच फिरत होता, असे त्यांनी मला नम्रपणे समजाविले. तारुण्यात मुंबईस असता त्यांनी चिक चॉकलेट यांस ऐकिले होते. त्यांच्याकडून ते नाव प्रथम माझ्या कानी आले, आणि पुढे जे वाचले व ऐकले ते येथे देत आहे.

चिक चॉकलेट हे अर्थातच टोपणनाव होय. बाप्तिस्म्याचे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ साली गोव्यात बारदेस तालुक्यातील हळदोणे गावी झाला. मापुसा नदीच्या काठी संत थॉमस यांचे प्राचीन चर्च ज्या गावी उभे आहे, तेच हे हळदोणे. पोर्तुगीज अंमलाचे दोष पुष्कळ सांगता येतील, परंतु एक गोष्ट त्या अंमलात घडली खरी. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून शाळा निघाल्या आणि त्यांत अक्षरांबरोबर स्वरही शिकविले जाऊ लागले. मेस्त म्हणजे गावचा संगीतशिक्षक. तो मुलांस पाच रेघांवर मांडलेले स्वर डोळ्यांनी वाचून तोंडाने म्हणावयास लावी. त्यात मूल तयार झाले म्हणजे व्हायोलिन हाती मिळे, आणि मग मिस्सेला व लदाइनीला वाजविण्याची संधी. शेतकऱ्याचा अथवा ताडी काढणाऱ्याचा मुलगाही अशा रीतीने स्वरलेखन वाचावयास शिके. आपल्या देशात त्या काळी हे अन्यत्र क्वचितच आढळले असते.

ही पद्धती मूळ आपल्या मठांतील. अकराव्या शतकात इटलीत आरेत्सो येथील गुइदो या संन्याशाने संत योहानाच्या स्तोत्रातील ओळींच्या आरंभीच्या अक्षरांवरून स्वरांस नावे दिली, आणि वर्षानुवर्षे पाठांतराने जी गाणी येत ती मुले थोड्या अवधीत वाचून गाऊ लागली. परंतु जे कागदावर आले ते कागदावरच थांबण्याचा संभव असतो. मेस्ताच्या शिस्तीत वाढलेला मुलगा समोर ठेवलेले कोणतेही पान बिनचूक वाजवी. पान काढून घेतले की त्याचे हात थबकत. वाझ यांच्या आयुष्याचा खरा प्रश्न हाच होता, असे माझे मत आहे. पान तर उत्तम येत होते, परंतु पानापलीकडे जावयाचे कसे?

गोव्यात पोट भरण्याची सोय थोडी. म्हणून त्यांच्या पिढीचे शेकडो वादक मुंबईस आले. धोबीतलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या कुडी असत. एकाच गावच्या मंडळींनी भाड्याने घेतलेली ती बिऱ्हाडे. भिंतीशी पेट्यांची रांग, कोपऱ्यात वेदी, आणि संध्याकाळी सर्वांची मिळून रोझरी. वादकांना काम मिळे हॉटेलांत, नृत्यगृहांत, मूकपटांच्या थिएटरांत, पुढे बोलपटांत. वाझ यांनीही रंगून, मसूरी अशी पुष्कळ भटकंती केली.

त्याच सुमारास, म्हणजे १९३५ पासून, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णी वादक येऊ लागले. प्रथम लिऑन अॅबे यांचा वृंद आला, मागाहून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड. त्यांचे जॅझ संगीत ऐकून गोमंतकीय वादक चकित झाले. वाद्ये तीच, स्वरही तेच. मात्र चाल एकदा वाजवून झाली की एकेक वादक उभा राही आणि त्याच चालीच्या सांगाड्यावर त्या क्षणी सुचलेले असे काही वाजवी, की दुसऱ्या दिवशी तसेच पुन्हा ऐकावयास मिळत नसे. आपल्या गवयांच्या भाषेत ही उपज होय. खयाल गाणाऱ्यास त्यात आश्चर्य वाटले नसते. मेस्ताच्या शिष्यांस मात्र हे जादूसारखे वाटले.

वाझ यांनी गुरू केला तो प्रत्यक्षातला नव्हे, तबकडीवरचा: न्यू ऑर्लिन्सचे लुई आर्मस्ट्राँग. या आर्मस्ट्राँग यांविषयी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आपला जन्म १९०० सालच्या ४ जुलैस झाला, असे ते आयुष्यभर सांगत. १९७१ साली मरण आल्यानंतर पवित्र हृदयाच्या कॅथोलिक चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१ ठरली. धर्मग्रामाच्या वह्या नीट ठेवाव्यात, असे मी आमच्या कारकुनास वारंवार सांगतो ते उगीच नव्हे.

तबकडीवरून शिकणे म्हणजे सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवणे. त्या काळचे वादक असेच शिकत. वाझ यांनी आर्मस्ट्राँग यांचा घोगरा गळा, हातातील रुमाल, उंच स्वरावर जाऊन थरथरण्याची लकब, सर्व उचलले. हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग अशी त्यांची ख्याती झाली. अनुकरण म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु आपल्याकडेही शिष्य आधी गुरूचा खोकला देखील उचलतो आणि मग केव्हातरी स्वतःचा आवाज काढतो.

आता त्या उपजेचे मर्म थोडक्यात सांगतो, कारण आमच्या गिटारवाल्या मुलाचेही गूढ त्यातच आहे. नवशिक्यास बारा स्वर मोकळे दिले तर तो हरवतो. म्हणून प्रथम पाचच स्वर घ्यावयाचे. आपला भूप घ्या: सा, रे, ग, प, ध. यात मध्यम नाही, निषाद नाही. ज्या दोन जागी स्वर एकमेकांस खेटून उभे राहतात, त्या दोन्ही जागा मोकळ्या झाल्या. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर कसेही गेले तरी कानास फारसे खुपत नाही. आता तेच पाच स्वर ठेवून धैवतास षड्ज माना, झाला धानी. गंधारास षड्ज माना, मालकंस होतो. पंचमास मानिले तर दुर्गा. स्वर एकही बदलला नाही, घर बदलले. आपले शास्त्रकार यास मूर्च्छना म्हणत. जॅझवाले ज्या पाच स्वरांवर रडतात आणि हसतात, ते बहुधा धानीचे. त्यात कोमल व शुद्ध गंधारांच्या मधोमध घासून काढलेला एक स्वर मिसळला की, गुलामगिरीत पिचलेल्या लोकांच्या संगीताचा विलक्षण करुण रंग येतो.

सात स्वरांचीही हीच गोष्ट. सेमिनरीत आम्हांस ग्रेगोरियन गायनाचे आठ प्रकार घोकून घेतले होते, आणि ते का घोकावयाचे हे आम्हांस त्या वेळी मुळीच कळले नव्हते. त्यांतील पहिला, डोरियन, हा आपल्या काफी थाटासारखा, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन कल्याण, मिक्सोलिडियन खमाज. मठांतील हे प्रकार युरोपातील संगीत पुढे बरेचसे विसरून गेले. परंतु १९५९ साली माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाने एक तबकडी काढली आणि तिच्यातील पहिली रचना जवळजवळ केवळ डोरियनवर उभी केली. ज्या स्वरपंक्तीत संन्यासी शतकानुशतके स्तोत्रे म्हणत आले, तिच्यात न्यूयॉर्कचे वादक उपज करू लागले!

गिटारवर हे शिकणे एका परीने सोपे आणि एका परीने धोक्याचे. पाच स्वरांची आकृती पडद्यांवर एकदा बोटांखाली बसली की तीच वर-खाली सरकवून कोणत्याही सुरात वाजविता येते. त्यामुळे बोटे धावू लागतात आणि कान मागे राहतो. ट्रम्पेटला अशी सोय नाही. तीन कळा, आणि बाकी सारे ओठ व श्वास. स्वर आधी मनात ऐकू आल्यावाचून तो नळीतून नीट निघतच नाही. शिवाय श्वास संपतो, म्हणून वाक्यही संपवावे लागते. आमच्या त्या मुलास मी आता सांगतो, की वाजविण्यापूर्वी तेच गाऊन दाखव. जे गाता येईल तेवढेच वाजीव. ही युक्ती माझी नव्हे, त्या वृद्ध व्हायोलिनवादकांची आहे.

पुन्हा चरित्राकडे वळतो. चाळीसच्या दशकात वाझ यांचा स्वतःचा वृंद उभा राहिला. प्रथम ग्रीन्स हॉटेलात आणि मग ताजमध्ये तो गाजला. ग्रीन्स आता नाही. तेथे १९७३ साली ताजची उंच इमारत झाली. अमेरिकन गेले, युद्ध संपले, इंग्रज गेले, आणि १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रींचे दिवस भरले. वादकांचा निर्वाह आता चित्रपटांच्या स्टुडिओंवर येऊन ठेपला.

येथे त्यांची गाठ पडली ती आपल्या बाजूच्या माणसाशी. संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर; जन्म १९१८ चा, अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. विनायकबुवा पटवर्धन यांजकडे ते काही काळ शिकले. आणि विनायकबुवा हे ज्यांचे शिष्य, त्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात येथे नाशकास रामनाम-आधार आश्रमात वास्तव्य केले होते. एकाच्या मागे पलुस्करांची परंपरा, दुसऱ्याच्या मागे हळदोण्याच्या मेस्ताची. एकास चाल सुचे, ती पेटीवर गाऊन दाखवी. दुसरा ती पाच रेघांवर उतरवून ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, गिटार यांस ज्याचे त्याचे वाटून देई. आपल्या रागास एकच धारा असते. तिच्याखाली स्वरमेळ कोठे घालावा आणि कोठे घालू नये, हा विवेक या सहाय्यकाचा. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटाच्या यशात तो विवेक स्पष्ट ऐकू येतो. १९५७ च्या 'आशा'तील ज्या गाण्यावर आपल्या लग्नांतून आजही नातवंडे आणि आजोबा एकत्र नाचतात, तेही याच जोडीच्या काळातील. मदन मोहन यांजकडेही वाझ यांनी काम केले.

पडद्यावर मात्र नाव झळके दिग्दर्शकाचे. वादकांची नावे सहसा छापली जात नसत. दिवसाची मजुरी घेऊन ते लोकलने घरी परतत. शेकडो गाण्यांत ज्यांचा श्वास आहे, त्यांची नावे त्यांच्या धर्मग्रामांतील मंडळींसही ठाऊक नसत, याचे मला वाईट वाटते. चिक चॉकलेट यांचे भाग्य थोडे बरे. 'अलबेला'तील एका गाण्यात झालरींचे सदरे घातलेला त्यांचा वृंद प्रत्यक्ष दिसतो, आणि भगवान दादांच्या नृत्यामागे ते स्वतः वाजविताना आपणांस पाहावयास मिळतात.

१९६४ साली लुई आर्मस्ट्राँग मुंबईस येऊन वाजवून गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६७ च्या मे महिन्यात, वाझ वारले. वय अवघे एक्कावन्न. ज्यांच्या तबकडीपुढे बसून ते शिकले, ते गुरू त्यांच्यामागे चार वर्षे जगले.

तो मुलगा गायनवृंदात परत आला, हे आपण पाहिलेच आहे. मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती जरा अवघडून स्वीकारली. महोत्सवाच्या मिस्सेत अर्पणगीताच्या आधी वाजविण्यास मी त्यास चार आवर्तने दिली आहेत. स्वर पाच, भूपाचे, असे ठरले आहे. त्याने आठ मागितली आहेत. व्हायोलिनवादक त्याच्या बाजूने आहेत.