टोकोआचा बलभीम

अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत टोकोआ नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें एका मल्लाच्या नांवाचें उद्यान असून त्यांत त्याचा पुतळा उभारिला आहे. हा मल्ल म्हणजे वजनें उचलण्यांत जगज्जेता ठरलेला पॉल अँडरसन. १७ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्याचा जन्म याच गांवीं झाला.

लहानपणीं मात्र तो सशक्त नव्हता. मूत्रपिंडाच्या विकारानें त्यास अंथरुणास खिळविलें होतें. पुढें व्यायामाची गोडी लागली, तेव्हां साधनें घरचींच होतीं: सिमेंट ओतून केलेलीं वजनें व जुनीं लोखंडी चाकें. त्याची एक युक्ति आम्हांस फार आवडते. अंगणांत खड्डा खणून तो त्यांत उभा राही व न पेलणारें वजन खांद्यांवर घेऊन जेवढें उठतां येईल तेवढेंच उठे. मग दर कांहीं दिवसांनीं खड्ड्यांत थोडी माती टाकी. माती वाढे, तसतसें त्यास अधिक खालून उठावें लागे.

जून १९५५ मध्यें मॉस्को येथें भर पावसांत हजारों रशियन लोकांसमोर त्यानें १८२.५ किलो वजन केवळ बाहुबळानें डोक्यावर नेलें. त्यांच्या वीरानें त्या प्रकारांत १५० किलो उचललें होतें! त्याच वर्षीं तो जगज्जेता झाला.

परंतु खरी परीक्षा १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिक सामन्यांत झाली. अँडरसन तापानें फणफणला होता. अर्जेंटिनाचा हुंबेर्तो सेल्वेत्ती तीन प्रकारांत मिळून ५०० किलो उचलून बसला होता. बरोबरी साधण्यास अँडरसनला अखेरच्या प्रकारांत १८७.५ किलो उचलणें प्राप्त होतें. पहिला प्रयत्न फसला, दुसराही फसला. त्या वेळीं आपण देवाचा धांवा केला, असें तो पुढें सांगत असे. तिसऱ्या खेपेस दांडा वर गेला. दोघांची बेरीज सारखीच झाली. अशा वेळीं ज्याच्या देहाचें वजन कमी तो विजयी, असा नियम होता. तापानें रोडावलेला अँडरसन सेल्वेत्तीहून साडेपांच किलोंनीं हलका भरला. ज्या आजारानें पदक हातचें जावयाचें, त्यानेंच तें मिळवून दिलें!

नंतर तो पैसे घेऊन शक्तीचे प्रयोग करूं लागल्यामुळें ऑलिंपिकचें दार त्यास बंद झालें. १९५७ सालीं त्यानें पाठीवर ६,२७० पौंड तोलल्याचें सांगतात. त्याविषयीं मतभेद आहेत, आणि आम्हीही त्यावर भर देत नाहीं. या प्रयोगांच्या पैशाचें त्यानें काय केलें, तें मात्र निर्विवाद आहे. १९६१ सालीं पत्नी ग्लेंडा हिच्यासह त्यानें जॉर्जियांतीलच विडेलिया येथें वाट चुकलेल्या मुलांसाठीं ख्रिस्ती वसतिगृह काढलें. ज्यांना एरवीं तुरुंगाची वाट धरावी लागली असती, अशीं मुलें तेथें राहूं व शिकूं लागलीं. त्यांच्या खर्चासाठीं हा जगज्जेता गांवोगांव वजनें उचलीत हिंडला.

बाळपणींच्या विकारानें उतारवयांत त्यास पुन्हां गांठलें. १९८३ सालीं बहिणीनें आपलें एक मूत्रपिंड त्यास दिलें. त्यावर अकरा वर्षें काढून १५ ऑगस्ट १९९४ रोजीं तो विडेलिया येथें, त्या मुलांच्या सहवासांत, मरण पावला.