काका कालेलकर

दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर ऊर्फ काका कालेलकर (१ डिसेंबर, १८८५, सातारा – २१ ऑगस्ट, १९८१, नवी दिल्ली) हे शिक्षणतज्ज्ञ, गांधीवादी कार्यकर्ते आणि मराठी, गुजराती व हिंदी भाषांतील लेखक होते. हिमालयातील पदयात्रेचे त्यांनी केलेले वर्णन भारतीय प्रवासवाङ्मयात महत्त्वाचे मानले जाते.

सुरुवातीचे जीवन

कालेलकरांचे मूळ घराणे सावंतवाडीजवळील कालेली गावचे. वडिलांच्या सरकारी नोकरीतील बदल्यांमुळे त्यांचे बालपण सातारा, कारवार, बेळगाव अशा अनेक गावांत गेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०७ मध्ये ते तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए. झाले. हिमालयात राहिलेले संन्यासी स्वामी रामतीर्थ यांच्यावर त्यांनी तरुणपणीच मराठीत पुस्तक लिहिले. बेळगावात शिक्षकी आणि ‘राष्ट्रमत’ या दैनिकात काम केल्यानंतर १९१० मध्ये ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात रुजू झाले. तेथे शिक्षकांना घरच्या नात्याने हाक मारण्याची पद्धत होती. ‘काका’ हे नाव त्यांना तेथेच मिळाले.

हिमालयातील पदयात्रा

राष्ट्रीय शिक्षण देणारे हे विद्यालय इंग्रज सरकारच्या रोषामुळे १९१२ च्या सुमारास बंद पडले. जीवितकार्यच हातून गेल्याने कालेलकर संसार मागे ठेवून साधनेच्या ओढीने हिमालयाकडे निघाले. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर हे त्यांचे सहप्रवासी होते. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ व बद्रीनाथ ही क्षेत्रे त्यांनी पायी पाहिली.

त्या काळी या पहाडांत मोटाररस्ते नव्हते. यात्रेकरू चट्टी म्हणजे वाटेवरील साध्या निवाऱ्यांत मुक्काम करीत. यमुनोत्री व गंगोत्रीची मंदिरे अक्षय्यतृतीयेच्या सुमारास उघडतात. त्या वेळी उंचावरील घळींत हिवाळ्याचा बर्फ शिल्लक असतो. पहाटे तो घट्ट असल्याने पाऊल टिकते, तर ऊन चढल्यावर भुसभुशीत होऊन पाय रुततो. गंगोत्रीहून केदारनाथकडे जाणारी जुनी पायवाट पंवालीच्या उंच धारेवरून त्रियुगीनारायणला उतरत असे. झाडांची सीमा ओलांडल्यावर अशा धारेवर वाऱ्याला आडोसा उरत नाही. त्यामुळे यात्रेकरू सकाळीच चढण संपविण्याची घाई करीत.

गांधीजींच्या सहवासात

एकांतात स्थिरावण्याऐवजी कालेलकर पुन्हा शिक्षणाकडे वळले. शांतिनिकेतनात अध्यापन करीत असताना १९१५ मध्ये त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली आणि पुढे ते साबरमती आश्रमात दाखल झाले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना अनेकदा कारावास घडला. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींसोबत होते. १९२८ ते १९३५ या काळात त्यांनी गुजरात विद्यापीठाचे कुलनायकपद सांभाळले. १९५२ ते १९६४ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. १९५३ मध्ये नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे ते अध्यक्ष होते.

लेखन

‘हिमालयनो प्रवास’ (१९२४) हा ग्रंथ त्यांनी यात्रेनंतर काही वर्षांनी गुजरातीत लिहिला. आश्रमातील हस्तलिखित मासिकासाठी त्याचे लेखन सुरू झाले. साधकाचा एकांत शोधताना पाहिलेला हिमालय अशा रीतीने शिक्षकाच्या लेखणीतून वाचकांपर्यंत पोहोचला. मातृभाषा मराठी असूनही त्यांच्या गुजरातीवरील प्रभुत्वामुळे गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. भारतातील नद्यांवरील ‘लोकमाता’ आणि बालपणीच्या आठवणींचे ‘स्मरणयात्रा’ ही त्यांची अन्य प्रसिद्ध पुस्तके होत.

सन्मान

त्यांना १९६४ मध्ये पद्मविभूषण आणि १९६५ मध्ये ‘जीवनव्यवस्था’ या गुजराती निबंधसंग्रहासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.