रघुबीर सिंह (छायाचित्रकार)

रघुबीर सिंह (जन्म : जयपूर, २२ ऑक्टोबर १९४२, मृत्यू : न्यू यॉर्क, १८ एप्रिल १९९९) हे भारतीय छायाचित्रकार होते. कलात्मक छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल छायाचित्रण असे जगभर मानले जात होते, त्या काळात त्यांनी रंगीत फिल्मचा आग्रह धरला आणि सुमारे तीन दशके भारतातील रस्ते, घाट, बाजार व गल्ल्या टिपल्या. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी हाँगकाँग, पॅरिस, लंडन आणि न्यू यॉर्क येथे घालवला. मात्र त्यांची महत्त्वाची सर्व पुस्तके भारतावरच आहेत. मुंबई शहरावरील त्यांचे पुस्तक १९९४ साली प्रसिद्ध झाले. १९८३ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

बालपण आणि शिक्षण

रघुबीर सिंह यांचा जन्म जयपूरच्या एका राजपूत जमीनदार घराण्यात झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि १९५२च्या कायद्याने राजस्थानातील जहागिऱ्या खालसा होऊ लागल्या. अशा अनेक घराण्यांप्रमाणे सिंहांच्या घरचे वैभवही ओसरत गेले. त्यांचे शालेय शिक्षण जयपूरच्या सेंट झेवियर्स शाळेत झाले. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे जयपूरवरील एक पुस्तक घरातील संग्रहात होते. ते शाळकरी वयात त्यांच्या हाती आले. ज्या शहरात आपण रोज वावरतो त्याचे रस्ते इतक्या निराळ्या नजरेने पाहता येतात, ही जाणीव त्यांना त्या पुस्तकाने दिली, असे त्यांच्या चरित्रात नेहमी नोंदवले जाते.

पुढे ते दिल्लीच्या हिंदू कॉलेजात दाखल झाले, परंतु पहिल्याच वर्षी त्यांनी शिक्षण सोडले. थोरल्या भावाप्रमाणे चहाच्या व्यवसायात शिरावे या इराद्याने ते कोलकात्याला गेले. तेथेही त्यांना जागा मिळाली नाही. कॅमेरा हाती घेऊन रस्त्यावर उतरण्यापूर्वी पदवी आणि नोकरी या दोन्ही वाटा बंद झालेल्या होत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कोलकाता आणि सुरुवातीची कामे

कोलकात्यात त्यांचा परिचय चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांच्याशी झाला. राय यांनी पुढे सिंहांच्या पहिल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ केले आणि ‘राजस्थान’ (१९८१) या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. १९६०च्या दशकाच्या मध्यात विद्यार्थी आंदोलनांची त्यांची छायाचित्रे अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाने आठ पानांत छापली. १९६६ साली कार्तिए-ब्रेसाँ जयपूरला आले असता त्यांना काम करताना जवळून पाहण्याची संधी सिंहांना लाभली. गर्दीत न बुजता, न दिसता वावरणे, प्रसंग जुळून येईपर्यंत थांबणे आणि हलका ३५ मिमी कॅमेरा हाताच्या विस्तारासारखा वापरणे हे सारे त्यांनी या गुरूकडून घेतले. गुरूचा कृष्णधवल रंग मात्र घेतला नाही.

१९६७ साली बिहारमधील मुंगेर येथे गंगाकाठी काढलेले मोसमी पावसाचे चित्र हे त्यांच्या सुरुवातीच्या कामातील सर्वांत प्रसिद्ध चित्र होय. भर पावसात चार स्त्रिया ओल्या वस्त्रांनिशी एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. चित्रात घटना अशी काहीच नाही. पाऊस थांबण्याची वाट पाहणे एवढेच आहे.

प्रवास, फिल्म आणि रस्ता

१९७२ साली त्यांनी फ्रेंच छायाचित्रकार ॲन द हेनिंग यांच्याशी विवाह केला आणि ते पॅरिसला स्थायिक झाले. त्यानंतरचा त्यांचा जीवनक्रम ठरून गेला. परदेशात राहायचे, मासिकांची कामे मिळवायची आणि पुन:पुन्हा भारतात येऊन महिनोन्महिने भटकायचे. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ आणि ‘न्यू यॉर्क टाइम्स’ यांसारख्या नियतकालिकांच्या कामांमुळे प्रवासखर्च निघत असे. मात्र काम संपल्यावरही ते त्याच नदीकाठी, त्याच शहरात परतत राहिले. गंगेवर त्यांनी १९७४ साली पहिले पुस्तक केले आणि १९९२ साली पुन्हा दुसरे. कोलकात्यावरही त्यांची दोन पुस्तके आहेत. मासिकाला एकदा छापलेला विषय पुरतो. ज्याला त्या जागेची ओढ असते त्याला तो पुरत नाही.

त्यांच्या कामात कोडॅक कंपनीच्या कोडाक्रोम या पारदर्शिका फिल्मला विशेष स्थान आहे. १९३५ साली बाजारात आलेल्या या फिल्ममध्ये रंगद्रव्ये आधीपासून नसत. ती धुलाईच्या वेळी घातली जात. त्यामुळे ही फिल्म साध्या अंधारखोलीत धुता येत नसे, ठरावीक प्रयोगशाळांकडेच पाठवावी लागे. एका रिळात छत्तीस चित्रे मावत. फिल्मची संवेदनशीलता २५ किंवा ६४ इतकी कमी असल्याने भरपूर उजेड लागे, आणि उजेड मोजण्यात थोडी चूक झाली तरी चित्र वाया जाई. प्रवासात असलेल्या छायाचित्रकाराला आपण काय टिपले हे पुष्कळ दिवसांनी, दुसऱ्याच गावी, कित्येकदा दुसऱ्याच देशात कळे. रस्त्यावर असताना हाती उरे ते केवळ पाहणे. आजच्या वाचकाला ही गैरसोय वाटेल, परंतु या पद्धतीच्या छायाचित्रणाचा निवांतपणा बराचसा याच गैरसोयीतून आलेला आहे. अंधारात नीट जपलेल्या कोडाक्रोम पारदर्शिकांचे रंग दीर्घकाळ टिकतात. या फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि तिची धुलाई करणारी शेवटची प्रयोगशाळा २०१०च्या अखेरीस ते काम करेनाशी झाली.

मुंबई

मुंबईवरील त्यांचे पुस्तक व्ही. एस. नायपॉल यांच्याशी झालेल्या संभाषणासह १९९४ साली निघाले. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव त्यानंतर वर्षभराने बदलल्यामुळे पुस्तकाच्या नावात ‘बॉम्बे’ हाच शब्द आहे. यातील बहुतेक चित्रे १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंतची आहेत. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, जमिनीचे भाव चढत होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगली व मार्च १९९३चे बॉम्बस्फोट याच काळातले.

गंगेवरील चित्रांत आभाळाला आणि पाण्याला जागा होती. मुंबईच्या चित्रांत ती उरत नाही. काच, आरसा, दुकानाची दर्शनी खिडकी, मोटारीचा दरवाजा, विजेचा खांब यांनी चौकट कापली जाते आणि एका चित्रात तीन-चार चित्रे नांदू लागतात. झवेरी बाजारातील त्यांच्या चित्रात जवाहिऱ्याच्या पेढीचा आतला थाट आणि काचेपलीकडची बाजारातील वर्दळ एकाच वेळी दिसतात. दोहोंमध्ये एका काचेचे अंतर आहे. गिरगाव चौपाटीवरील गणेश विसर्जन, क्रॉफर्ड मार्केट, केम्प्स कॉर्नर, धारावी ही स्थळेही त्यांनी टिपली आहेत. या शहरावरील चित्रांत श्रीमंती आणि दारिद्र्य यांची ठोकळेबाज तुलना सहज होते. सिंहांची चांगली चित्रे ती टाळतात, कारण त्यांत कोणीच केवळ उदाहरण म्हणून उभे नाही.

रंगाविषयीची भूमिका

‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) या पुस्तकातील निबंधात सिंहांनी आपली भूमिका सविस्तर मांडली. पाश्चात्त्य आधुनिक छायाचित्रणातील कृष्णधवल रंग हा तेथील एकाकीपणा, अपराधभाव आणि मृत्यूची छाया यांतून आला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. भारतीय दृष्टीत जन्ममृत्यूचे चक्र असल्याने दु:ख हा शेवट ठरत नाही, आणि रंग हा या दृष्टीचा अंगभूत भाग आहे, असे ते मानत. लघुचित्रांची परंपरा त्यांनी यासाठी आधाराला घेतली. दु:ख आणि अभाव भोवती असतानाही रस्त्यावर दिलासा सापडतो व तो रंगात असतो, हा त्यांच्या सगळ्या भटकंतीमागील विश्वास या निबंधात तात्त्विक रूपात आला आहे.

या भूमिकेवर आक्षेप घेता येतात. सुनील जाना यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाची काढलेली कृष्णधवल चित्रे भारतीय नव्हेत, असे म्हणता येणार नाही. शिवाय सिंहांची स्वत:ची चौकट कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांचे अमेरिकी मित्र ली फ्रीडलँडर यांच्या परंपरेतच घडली होती. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने विल्यम एगल्स्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचे बहुचर्चित प्रदर्शन १९७६ साली भरवले; सिंहांचे गंगेवरील रंगीत पुस्तक त्याआधी दोन वर्षे प्रसिद्ध झालेले होते.

अखेरची वर्षे

न्यू यॉर्कमध्ये त्यांनी स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स, कूपर युनियन आणि कोलंबिया विद्यापीठ येथे अध्यापन केले. ‘ग्रँड ट्रंक रोड’ (१९९५) आणि ‘तमिळनाडू’ (१९९६) ही पुस्तके या काळातील. त्यांचा अखेरचा प्रकल्प ॲम्बॅसिडर मोटारीभोवती रचलेला होता. या गाडीतून देशभर हिंडताना तिची पुढची काच, खिडक्या, उघडे दार आणि आरसा यांच्या चौकटीतून त्यांनी रस्ता टिपला. ज्या वाहनाने प्रवास केला तेच येथे कॅमेऱ्याच्या आधीचा कॅमेरा बनले आहे. हे पुस्तक प्रसिद्ध झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८ एप्रिल १९९९ रोजी न्यू यॉर्क येथे हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या छप्पनाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिकागोच्या कलासंस्थेत त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन भरले होते. ॲम्बॅसिडरवरील पुस्तक २००२ साली निघाले.

मृत्यूनंतर

२०१७ साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयाने मेट ब्रॉयर या आपल्या वास्तूत ‘मॉडर्निझम ऑन द गँजेस’ हे त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. त्या वेळी भारतीय वंशाच्या एका महिला कलावंताने सिंहांनी १९९०च्या दशकातील भारतप्रवासात आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याचा जाहीर आरोप केला आणि डिसेंबरमध्ये संग्रहालयाबाहेर निदर्शने झाली. सिंह हयात नसल्याने या आरोपाची न्यायालयीन शहानिशा झालेली नाही. मात्र त्यांच्या कामाविषयीच्या लेखनात त्याचा उल्लेख तेव्हापासून होत आला आहे. हेच प्रदर्शन २०१८ मध्ये टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयात मांडले गेले, तेव्हा ‘मी टू’ चळवळीविषयीचा स्वतंत्र भाग त्याच्या जोडीला ठेवण्यात आला.