व्हेरा मेन्चिक क्लबचे मेंबर

बुद्धिबळ हा पुरुषी डोक्याचा खेळ, मुलींना त्यात उपजतच गती कमी, असं ठणकावून सांगणारे महाभाग कॉमन रूममध्ये आजही भेटतात. मित्रांनो, १९२९ सालीही ते होते. कार्ल्सबादच्या स्पर्धेत २२ मास्टर्समध्ये एका बाईला घेतलंय म्हटल्यावर व्हिएन्नाच्या अल्बर्ट बेकरने टिंगल सुरू केली. हिच्याकडून जो हरेल त्याला व्हेरा मेन्चिक क्लबचं मेंबर करायचं, अशी त्याची टूम. पहिला मेंबर कोण झाला? स्वतः बेकरसाहेब!

ही व्हेरा १६ फेब्रुवारी १९०६ ला मॉस्कोत जन्मली. वडील झेक, आई इंग्लिश. नऊ वर्षांची असताना ती खेळ शिकली. क्रांतीत घरची सुबत्ता गेली आणि १९२१ मध्ये आईबरोबर दोघी बहिणी इंग्लंडात हेस्टिंग्जला आल्या. इंग्रजी धड येत नव्हतं, स्वभाव बुजरा. पटावर बोलावं लागत नाही, हे तिच्या पथ्यावरच पडलं. १९२३ मध्ये तिथल्या क्लबात जायला लागली आणि पुढे हंगेरीच्या गेझा मारोत्सीकडे शिकली. शांत, भक्कम, घाई न करणारा खेळ तिने त्याच्याकडूनच उचलला.

१९२७ मध्ये लंडनला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ११ डावांत हिचे साडेदहा गुण! नंतर १९३९ पर्यंतच्या सगळ्या जागतिक स्पर्धा हिनेच जिंकल्या. या सात स्पर्धांतल्या ८३ डावांत हार फक्त एक.

पण खरी परीक्षा पुरुषांच्या स्पर्धांत. १९२९ मध्येच रॅम्सगेटला कापाब्लांकाच्या फक्त अर्धा गुण मागे, रुबिनस्टाइनच्या बरोबरीने ती दुसरी आली. गुरू मारोत्सी तिच्या मागे. मॅक्स युवेला तिने दोनदा हरवलं, आणि हा युवे १९३५ मध्ये जगज्जेता झाला. पंजाबचा सुलतान खान, अमेरिकेचा रेशेव्स्की हेही क्लबात दाखल झाले.

आता दुसरी बाजू. कार्ल्सबादला तिला २१ डावांत फक्त ३ गुण मिळाले, नंबर शेवटचा. १९३५ च्या मॉस्को स्पर्धेतही शेवटची, एकही डाव न जिंकता. झालं! बायकांना जमत नाही याचा पुरावाच मिळाला की लोकांना. खरं सांगायचं तर ती कापाब्लांकाच्या तोडीची नव्हतीच. पण आपण इंजिनिअर ना? सॅम्पल साइज बघा राव! हजारो पुरुषांतून गाळून आलेले वीस-बावीस एका बाजूला, आणि मूठभर बायकांतून आलेली ही एकटी दुसऱ्या बाजूला. साठाच्या मेकॅनिकलच्या वर्गात तीन मुली असल्या आणि टॉपर मुलगा निघाला, तर त्यावरून उपजत बुद्धीचं काय सिद्ध होतं? मोठ्या गटाचा टॉपर बहुतेक वेळा वरच असणार. उपजत फरक नाहीच, असंही एकट्या व्हेरावरून म्हणता येत नाही, हेही तितकंच खरं. मात्र त्या काळात ज्यांनी निकाल देऊन टाकला, त्यांच्याकडे डेटाच नव्हता.

१९३७ मध्ये तिने बुद्धिबळ संघटक स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न केलं. १९४३ मध्ये ते गेले. जून १९४४ मध्ये लंडनच्या क्लॅपम भागात घरावर जर्मन उडता बॉम्ब पडला. व्हेरा, तिची आई आणि बहीण ओल्गा तिघी एकदम गेल्या. व्हेराचं वय ३८, जगज्जेतेपद तेव्हाही तिच्याकडेच.

१९५७ पासून महिला ऑलिम्पियाडमधल्या विजेत्या संघाला तिच्या नावाचा चषक देतात. आणि १९७६ मध्ये आपली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. महिलांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी दिला. हे अध्यक्ष म्हणजे मॅक्स युवे, क्लबचे जुने मेंबर.