कमी ऐकू येणारा माणूस आणि स्वच्छ आवाजाचा हिशेब

घरच्या घरी स्पीकर बांधणाऱ्या हौशी माणसापुढे एक प्रश्न हमखास येतो. वूफरकडे फक्त खर्जाचे स्वर जावेत म्हणून क्रॉसओव्हरमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल घालावी लागते. ती कॉइल पोकळच ठेवावी, की तिच्या पोटात लोखंडाचा गाभा घालावा? घालायचा तर पत्र्याचा, दाबलेल्या भुकटीचा की फेराइटचा? या निवडीमागचे शास्त्र ज्यांच्या लेखनातून स्पष्ट होत गेले, त्यांपैकी एक महत्त्वाचे नाव ऑलिव्हर हेविसाइड यांचे. तारेतून जाणारा माणसाचा आवाज स्वच्छ कसा राहील याचे गणित त्यांनी मांडले. त्यांना स्वतःला मात्र लहानपणापासून कमी ऐकू येत असे.

हेविसाइड यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. वडील लाकडावर कोरीव ठसे करणारे कारागीर होते आणि घरची परिस्थिती ओढाताणीची होती. बालपणीच ऑलिव्हर यांना स्कार्लेट फिव्हर झाला. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे होणाऱ्या या तापात घसा सुजतो, अंगावर लाल पुरळ उठते आणि संसर्ग कानापर्यंत गेला तर श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. आज पेनिसिलिनसारख्या प्रतिजैविकांनी हा आजार आटोक्यात येतो, पण त्या काळी तसे औषधच नव्हते. ऑलिव्हर वाचले, पण ऐकणे अधू झाले. इतर मुलांमध्ये मिसळणे कठीण गेले आणि एकटे राहण्याची सवय जडली, ती कायमची.

शाळा सोळाव्या वर्षी सुटली. कॉलेजचे तोंड त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या मावशीचे यजमान म्हणजे तारयंत्राच्या विकासात मोठा वाटा असलेले चार्ल्स व्हीटस्टन. त्या ओळखीमुळे ऑलिव्हर तारखात्याच्या व्यवसायात आले. १८६८ मध्ये ते डेन्मार्कला तार-ऑपरेटर म्हणून गेले, नंतर न्यूकॅसलला परतले. समुद्राखालच्या केबलमध्ये संदेश का रेंगाळतात, बिघाड नेमका कुठे आहे, हे रोजच्या कामात शोधता शोधता ते गणिताकडे वळले. १८७३ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा विद्युत आणि चुंबकत्वावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हेविसाइड त्याने झपाटून गेले. पुढच्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी परत येऊन अभ्यासाला बसले. त्यानंतर आयुष्यात त्यांनी पुन्हा नोकरी केली नाही.

मॅक्सवेल यांचे सिद्धांत वीस समीकरणांत पसरलेले होते. हेविसाइड यांनी १८८४-८५ च्या सुमारास ते चार समीकरणांत बसवले. आज विद्यार्थी मॅक्सवेलची समीकरणे म्हणून शिकतात, ती मुख्यतः याच रूपात. १८८६ मध्ये त्यांनी इंडक्टन्स आणि इम्पिडन्स हे शब्द रूढ केले. प्रवाह बदलू लागला की कॉइल त्या बदलाला विरोध करते. हा विरोध किती, ते इंडक्टन्स सांगते. स्वर जितका उंच तितका प्रवाहातला बदल जलद आणि विरोध अधिक. म्हणूनच आजच्या क्रॉसओव्हरमधली कॉइल तार स्वर अडवते आणि खर्ज पुढे जाऊ देते.

टेलिफोन त्या वेळी नवा होता आणि लांबच्या तारेवर बोलणे पुसट ऐकू येई. तारेची विद्युतभार साठवण्याची क्षमता उंच स्वरांना जास्त क्षीण करते. त्यामुळे व्यंजने अस्पष्ट होतात आणि शब्द ओळखू येईनासे होतात. इंडक्टन्समुळे आवाज आणखी बिघडेल, असे अनेक अभियंते मानत. हेविसाइड यांनी १८८७ मध्ये गणिताने उलटे दाखवून दिले. तारेचा रोध, गळती, क्षमता आणि इंडक्टन्स यांचे ठरावीक प्रमाण जुळले, तर सगळे स्वर सारख्याच प्रमाणात क्षीण होतात आणि आवाजाचा आकार बदलत नाही. प्रत्यक्ष तारांमध्ये इंडक्टन्स फार कमी पडे, म्हणून ते मुद्दाम वाढवायला हवे होते. त्यासाठी तारेत ठरावीक अंतरावर कॉइल घालण्याचा मार्ग त्यांनी सुचवला.

इथेच गाभ्याचा प्रश्न उभा राहतो. पोकळ कॉइलने इंडक्टन्स वाढवायचे तर तार फार लागते. तार वाढली की रोध वाढतो आणि आवाज वाटेतच क्षीण होतो. आत लोखंड घातले की थोड्या वेढ्यांत काम होते, पण लोखंड त्याची किंमत वसूल करते. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. शिवाय चुंबकत्व एकदा आले की ते मागे रेंगाळते, त्यामुळे ध्वनीत मूळ नसलेले स्वर मिसळतात.

भोवऱ्याच्या प्रवाहांवर उपाय म्हणजे लोखंडाचे तुकडे करणे. पत्रे पातळ करून एकमेकांपासून वेगळे ठेवले तर जाडी निम्मी होताच हा अपव्यय सुमारे चौथाईवर येतो. हेविसाइड यांनी त्याच्याही पुढे जाऊन लोखंडाची बारीक भुकटी मेणात मिसळून गाभे बनवले आणि त्यांवर प्रयोग केले. प्रत्येक कणाभोवती मेण असल्यामुळे प्रवाहांना फिरायला मोठी वाट उरत नाही. चुंबकीय ताकद मात्र सलग लोखंडापेक्षा कमी मिळते. केबलच्या वेष्टनातच लोखंडाची भुकटी मिसळावी, असाही विचार त्यांनी मांडला.

या कामाला तेव्हा दाद मिळाली नाही. ब्रिटिश टपाल खात्याचे प्रमुख विद्युततज्ज्ञ विल्यम प्रीस यांचा इंडक्टन्सला विरोध होता. ऑलिव्हर यांचे भाऊ आर्थर त्याच खात्यात अभियंता होते. दोघा भावांनी मिळून लिहिलेला निबंध प्रसिद्ध करायला १८८७ मध्ये परवानगी नाकारली गेली. त्याच वर्षी हेविसाइड यांचे लेख छापणाऱ्या नियतकालिकाचा संपादक बदलला आणि ती लेखमालाही थांबली. हेविसाइड यांनी या कल्पनेचे पेटंट घेतलेले नव्हते. १९०० मध्ये अमेरिकेत मायकेल प्युपिन यांना अशा कॉइलचे पेटंट मिळाले आणि ते विकून त्यांनी लाखो डॉलर कमावले. हेविसाइड यांना त्यातले काही मिळाले नाही.

कल्पना मात्र पुढे गेली. १९०२ मध्ये डॅनिश अभियंता कार्ल एमिल क्रारूप यांनी डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या केबलच्या तांब्याभोवती लोखंडाची तार गुंडाळून तिचे इंडक्टन्स वाढवले. १९२१ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या बकनर स्पीड आणि गुस्ताफ एल्मेन यांनी दाबलेल्या लोहभुकटीच्या गाभ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. टेलिफोनच्या जाळ्यात असे गाभे वापरात आले. फेराइट त्यानंतरचे.

स्पीकरसाठी कॉइल निवडताना आजही हाच ताळेबंद मांडावा लागतो. ८ ओहमच्या वूफरला ५०० हर्ट्‌झवर साधा एका कॉइलचा क्रॉसओव्हर करायचा, तर सुमारे २.५ मिलिहेन्री इंडक्टन्स लागते. पोकळ कॉइलच्या तारेचा रोध अर्धा ओहम असेल, तर त्या वाटेने जाणाऱ्या शक्तीतला सुमारे ६ टक्के भाग तारेतच उष्णता होऊन जातो. पण तिच्यात लोखंडच नसल्याने आवाज कितीही वाढवला तरी गाभा संपृक्त होण्याची भीती नाही. फेराइट वीज फारशी वाहू देत नाही, म्हणून भोवरा प्रवाह नगण्य राहतात. मात्र ते ०.३ ते ०.५ टेस्लालाच संपृक्त होते आणि ढोल-ताशाच्या एखाद्या ठोक्याला कॉइलचे इंडक्टन्स एकदम घसरू शकते. ट्रान्सफॉर्मर बांधणारे ज्याला स्टॅम्पिंग म्हणतात, तो सिलिकॉन पोलादाचा पत्रा २ टेस्लाच्या आसपास टिकतो, पण उंच स्वरांत त्याचा अपव्यय वाढतो. दाबलेली भुकटी या दोन्हींच्या मधली. कणांमधल्या फटींमुळे ती हळूहळू संपृक्त होते, मात्र वेढे जास्त लागतात. म्हणून मध्यम व उंच स्वरांच्या लहान कॉइलला पोकळ रचना आणि जाड तार परवडते, तर खर्जाच्या मोठ्या कॉइलला पुरेसा मोठा गाभा घेऊन संपृक्ततेपासून दूर राहणे हिताचे.

हेविसाइड १८८९ मध्ये आईवडिलांसह डेव्हनमधल्या पेग्न्टन गावी गेले. तिथे भाऊ चार्ल्स यांचे वाद्यांचे दुकान होते आणि त्याच्याच वर त्यांचे बिऱ्हाड होते. १८९१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८९६ पासून त्यांना सरकारकडून वर्षाला १२० पौंड निवृत्तिवेतन मिळू लागले, तेही मित्रांनी खटपट केल्यावर. १९०२ मध्ये त्यांनी वातावरणात वर वीजवाहक थर असावा असे सुचवले. १९२४ मध्ये एडवर्ड अ‍ॅपल्टन यांच्या प्रयोगांनी तो सिद्ध झाला. त्याआधी १९२२ मध्ये ब्रिटनमधील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने आपले पहिले फॅरडे पदक त्यांना दिले. तोवर ते टॉर्की इथे जवळजवळ एकाकी, आजारी आणि तंगीत राहत होते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी शिडीवरून पडल्यानंतरच्या दुखण्यात त्यांचे निधन झाले. पेग्न्टनच्या दफनभूमीत ते आईवडिलांजवळ विसावले आहेत. कॉइल घेताना तिच्या वेष्टनावर इंडक्टन्सचा आकडा आजही छापलेला दिसतो. तो शब्द हेविसाइड यांचा आहे.