रोजचे पाच शब्द : रेव्हरंड फर्डिनंड किटेल

मुलांचे शब्दभांडार कसे वाढवावे, हा प्रश्न पालकसभेत दरवर्षी निघतो आणि मुख्याध्यापिकेने एखाद्या पुस्तकाचे नाव सुचवावे अशी अपेक्षा असते. मला अशा वेळी महात्मा गांधी रस्त्यावर मेयो हॉलजवळ उभ्या असलेल्या पुतळ्याची आठवण होते. आपले कित्येक माजी विद्यार्थी त्यावरून रोज ये-जा करीत असतील. तो पुतळा कन्नड भाषेचे कोशकार रेव्हरंड फर्डिनंड किटेल यांचा.

किटेल यांचा जन्म 1832 सालचा, उत्तर जर्मनीतील. योगायोग असा की, विल्यम रीव्ह यांचा कन्नड-इंग्रजी कोश त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. बासेल मिशनचे धर्मोपदेशक म्हणून 1853 साली, एकविसाव्या वर्षी, ते धारवाडला आले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. सरकारी कामकाजात मराठीचा वावर, तर घराघरांतून कन्नड. धर्मप्रसारासाठी आलेल्या या तरुणाला भाषेनेच ओढून घेतले. लोकांत मिसळल्यावाचून भाषा येत नाही, अशी त्यांची धारणा होती. ते पायी हिंडत, माणसांशी बोलत, संस्कृत आणि शेजारच्या द्राविड भाषांचाही अभ्यास करीत. मिशनमधील सर्वांनाच हा व्यासंग रुचला असे नाही.

धारवाड, मंगळूर, मडिकेरी अशा ठिकाणी त्यांचे वास्तव्य झाले. जुन्या शब्दांसाठी हस्तलिखिते वाचावी लागत, म्हणून ते संपादनाकडे वळले. केशिराजाचे ‘शब्दमणिदर्पण’ हे व्याकरण 1872 साली आणि नागवर्म्याचा ‘छंदोंबुधी’ 1875 साली त्यांनी प्रसिद्ध केला. एवढ्याने कोश झाला असता तर तो पंडितांपुरताच राहिला असता. किटेल यांनी ग्रंथांतील शब्दांच्या पंक्तीला लोकांच्या तोंडचे शब्द बसविले आणि ठिकठिकाणी म्हणी दिल्या. शब्द कोठे आढळला, कसा वापरला जातो, याचा आधार दाखविण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. नुसता अर्थ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हेच शिकवावे लागते.

प्रकृतीमुळे 1877 साली त्यांना मायदेशी परतावे लागले. दृष्टी मंदावत चालली होती. तरीही 1883 साली, पन्नाशी उलटल्यावर, ते पुन्हा आले, राहिलेले शब्द गोळा करण्यासाठी! 1892 साली ते जर्मनीस परतले आणि 1894 साली मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यातून कोश बाहेर पडला. सुमारे 70,000 शब्द. पृष्ठे सतराशेच्या वर. धारवाडला पाऊल ठेवल्यापासून एकेचाळीस वर्षे झाली होती. भागाकार केला तर दिवसाला पाचही शब्द पडत नाहीत. अर्थात काम असे सारख्या मापाने चालत नसते; एखाद्या शब्दापायी आठवडा जात असेल. तरी हा हिशेब मी मुलांना अवश्य सांगते.

आपल्यासाठी या कोशाचे आणखी एक महत्त्व आहे. शब्दांची नाती दाखविताना किटेल तमिळ, तेलुगू, मल्याळम, तुळू यांच्याबरोबर मराठीचीही दखल घेतात. आपले ‘तूप’ आणि कन्नड ‘तुप्प’ शेजारी ठेवून पाहावे. ‘अडकित्ता’ उच्चारताना कन्नड ‘अडके’ म्हणजे सुपारी आठवावी. अक्का आणि अण्णा तर दोन्ही घरांत आहेत. बेंगळुरूत वाढणाऱ्या मराठी मुलाला एका शब्दाबरोबर दुसरा असा आपसूक मिळतो. फक्त भाजीवाल्या अज्जींशी बोलण्याइतका वेळ त्याला मिळायला हवा. दोन भाषांनी मूल गोंधळेल ही अनेक पालकांची भीती मला तरी पटत नाही.

ट्युबिंगेन विद्यापीठाने 1896 साली किटेल यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. कोश संपला म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी कन्नडचे इंग्रजीतील व्याकरण लिहावयास घेतले. ते 1903 साली छापून निघाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, एकाहत्तराव्या वर्षी, ट्युबिंगेन येथे त्यांचे निधन झाले.