कचऱ्यातून घर बांधणारे कुर्ट श्विटर्स

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप दरवर्षी येतो आणि मी दरवर्षी ड्यूटीचे कारण सांगून सुटका करून घेतो. या वेळी मात्र मी आपणहून लिहायला बसलो आहे. त्याला निमित्त झाले आपले गेल्या वर्षीचे मखर. थर्मोकोल वापरायचे नाही असे ठरल्यावर आम्ही चार-पाच जणांनी पुठ्ठ्याची खोकी, जुन्या लग्नपत्रिका, साड्यांचे फाटके काठ आणि मिठाईच्या डब्यांचे चंदेरी कागद जमवून मखर उभे केले. ते पाहून फाइन आर्ट्स शिकणारी माझी मुलगी हसली. म्हणाली की बाबा, तुमच्या आधी शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन चित्रकाराने हेच केले आहे. आणि तिने त्यांच्यावरचे एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवले.

मी साधा मेकॅनिकल डिप्लोमावाला. वीस वर्षांहून अधिक काळ मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त करतो आहे. चित्रकलेतले मला ओ की ठो कळत नाही. पण पुस्तक चाळताना एका माहितीपाशी थांबलो. हे गृहस्थ काही काळ एका लोखंडाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. म्हणजे आपल्याच बिरादरीतले! मग मात्र मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढले.

कुर्ट श्विटर्स यांचा जन्म २० जून १८८७ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरात झाला. आईवडिलांचे बायकांच्या कपड्यांचे दुकान होते. पुढे ते विकून त्यांनी घरे घेतली आणि भाड्याच्या उत्पन्नावर संसार चालवला. कुर्ट एकुलता एक आणि तब्येतीने नाजूक. शहराजवळच्या एका खेड्यात या कुटुंबाचे उन्हाळ्यात राहायचे ठिकाण होते. तिथे या मुलाने स्वतःच्या हातांनी छोटीशी बाग केली. गुलाब लावले, स्ट्रॉबेरी लावली, मातीची टेकडी रचली, लहानसे तळे खणले. एके दिवशी गावातल्या पोरांनी ती बाग त्याच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त केली. त्या धक्क्याने आपल्याला फिट आली आणि आजारपण मागे लागले, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. अपस्माराने त्यांची पाठ सोडली नाही. या बागेची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे त्यांच्या आयुष्यात तीच पुनःपुन्हा घडली.

ड्रेस्डेनच्या कला अकादमीत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. तिथे शिकवले जाई ते जुन्या वळणाचे चित्रण, म्हणजे माणसांची चित्रे आणि निसर्गदृश्ये. १९१५ साली हेल्मा फिशर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पहिला मुलगा जन्मल्यावर काही दिवसांतच गेला. पहिले महायुद्ध चालू होते. १९१७ मध्ये त्यांना सैन्यात भरती केले, पण तब्येतीमुळे काही महिन्यांत अपात्र ठरवून सोडले आणि हॅनोव्हरजवळच्या व्युल्फेलच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून पाठवले. युद्ध संपेपर्यंत ते तिथे यंत्रांचे आराखडे काढत होते. तेव्हापासून चाके आणि दाते त्यांच्या चित्रांत शिरले ते कायमचे. ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर लावून एकेक वर्तुळ काढत ज्याने रात्री जागवल्या आहेत, त्याला ही चाके पाहताक्षणी ओळखू येतात.

१९१८ च्या अखेरीस युद्ध संपले. जर्मनी हरली होती. जुने राज्य गेले होते, सगळीकडे मोडतोड झाली होती. श्विटर्स यांच्या मनाने घेतले की जग मोडले असेल तर त्या तुकड्यांतूनच नवे काही केले पाहिजे. रंग विकत घेण्याऐवजी ते रस्त्यावरून वस्तू उचलू लागले. ट्रामची तिकिटे, पाकिटे, टपालाचे शिक्के, चॉकलेटचे कागद, वर्तमानपत्राचे कपटे, बटणे, तारेची जाळी, दोऱ्या, लाकडाच्या ढलप्या. हे सारे ते चिकटवत, खिळ्यांनी ठोकत, वर थोडा रंग लावत. १९१९ मधल्या अशाच एका चित्रात एका बँकेच्या जाहिरातीचा फाटका तुकडा होता. त्यावर ‘कोमेर्त्स’ म्हणजे व्यापार या शब्दातली ‘मेर्त्स’ एवढीच अक्षरे उरली होती. या अर्धवट शब्दाला काहीच अर्थ नव्हता, म्हणूनच तो त्यांना आवडला. पुढे त्यांनी आपल्या सगळ्या कामाला हेच नाव दिले. चित्र मेर्त्स, कविता मेर्त्स, मासिकही मेर्त्स.

मला त्यांच्या या चित्रांत सर्वांत आवडली ती तिकिटे. वाघिणीवर शेवटची मोठी दुरुस्ती कधी आणि कुठे झाली ते रंगवलेले असते, त्यावरून आम्ही तिचा इतिहास सांगतो. या चित्रांचेही तसेच आहे. हॅनोव्हरच्या ट्रामचे तिकीट दिसले की समजावे, चित्रकार घरी होता. नॉर्वेतल्या वस्तूंचे कागद दिसले की घर सुटले होते. लंडनच्या बसचे तिकीट दिसले की तेही सुटले होते.

कचरा जमवणारा माणूस म्हणजे गबाळा, विक्षिप्त, असा आपला समज असतो. श्विटर्स यांची दुसरी बाजू अगदी व्यवहारी होती. १९२४ साली त्यांनी स्वतःची जाहिरात संस्था काढली. आपल्या लहानपणी ज्या पेलिकन शाईचे आपल्याला अप्रूप होते, तिच्या जाहिराती त्यांनी केल्या. १९२९ पासून काही वर्षे ते हॅनोव्हर नगरपालिकेच्या छपाईचे काम पाहत होते. सरकारी कागदांवरची अक्षरे सुटसुटीत असावीत यासाठी ते खपत. दिवसा फॉर्म नीटनेटके करायचे आणि नंतर फाटलेले कागद गोळा करायचे, असा हा गृहस्थ! त्यांनी नुसत्या निरर्थक आवाजांची एक लांबलचक रचना केली होती आणि सभांमध्ये ती ते खड्या आवाजात म्हणून दाखवत. लोक आधी हसत, मग गप्प होऊन ऐकत.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र राहत्या घरात चालले होते. १९२३ च्या सुमारास त्यांनी आपल्या कामाच्या खोलीत एक खांब उभारला. त्याला वस्तू चिकटत गेल्या, मग प्लॅस्टर आणि लाकडाचे कोन निघाले, ते भिंतींना आणि छताला भिडले. पुढे हे प्रकरण एका खोलीत मावेना आणि शेजारच्या खोल्यांत पसरले. याला त्यांनी नाव दिले मेर्त्सबाऊ, म्हणजे मेर्त्सचे बांधकाम. त्यात त्यांनी मित्रांसाठी लहान लहान कोनाडे ठेवले होते. वास्तुतज्ज्ञ मीस व्हॅन डर रोह यांच्या टेबलावरून लांबवलेली जाड पेन्सिल एका कोनाड्यात, तर चित्रपटकार हान्स रिश्टर यांच्या केसांची बट दुसऱ्यात. आपण देवघराच्या खणात आजीची जपमाळ जपतो, त्यातलाच हा भाव. घर वाढत होते आणि माणसे त्यात साठत होती.

१९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली. नव्या चित्रकलेला सडकी कला ठरवण्यात आले. १९३७ साली म्युनिकमध्ये अशा चित्रांची टिंगल करण्यासाठी जे प्रदर्शन भरवले, त्यात श्विटर्स यांची चित्रेही टांगली होती. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत ते नॉर्वेला निघून गेले होते. मुलगा एर्न्स्ट आठवडाभर आधी पोचला होता. घर सांभाळायला हेल्मा मागे राहिल्या. ओस्लोजवळ लिसाकर येथे श्विटर्स यांनी दुसरे मेर्त्सबाऊ सुरू केले. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेतही आल्या. बापलेक उत्तरेकडे पळाले आणि जूनमध्ये एका बर्फफोडी जहाजातून स्कॉटलंडला पोचले.

तिथे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना पकडले गेले आणि आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवले गेले. सुमारे सोळा महिने ते तिथे होते. रंग, कॅनव्हास मिळेना, तेव्हा त्यांनी जमिनीवरचे लिनोलियम उचकटून त्यावर चित्रे काढली. न्याहारीची उरलेली ओटची लापशी वाळवून तिच्या मूर्ती केल्या. त्यांना बुरशी आली, वास सुटला, पण यांचे काम थांबले नाही. सोबतच्या कैद्यांची चित्रेही त्यांनी पैसे घेऊन काढली.

सुटकेनंतर ते लंडनला गेले. तिथेच हॅनोव्हरची बातमी आली. ऑक्टोबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते घर आणि त्यातले मेर्त्सबाऊ जळून गेले होते. पुढच्या ऑक्टोबरात हेल्मा कर्करोगाने वारल्या. महायुद्ध सुरू झाल्यानंतर नवराबायकोची भेट पुन्हा झाली नाही. (लिसाकरचे बांधकामही त्यांच्या मागे १९५१ मध्ये आगीत गेले.) त्या पोरांनी तुडवलेल्या बागेची आठवण मला इथे झाली आणि मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

१९४५ मध्ये श्विटर्स उत्तर इंग्लंडमधल्या अँबलसाइड या डोंगराळ गावी राहायला गेले. एडिथ थॉमस या त्यांच्या सहचारिणीने त्यांना अखेरपर्यंत सांभाळले. गावातल्या लोकांची चित्रे आणि निसर्गचित्रे काढून ते पोट भरत. या शिकलेल्या जुन्या विद्येची त्यांना लाज वाटली नाही. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडून त्यांना एक हजार डॉलरची मदत मिळाली. एल्टरवॉटर गावाजवळ एक दगडी कोठार मिळाले, आणि साठी गाठलेल्या, खंगलेल्या या माणसाने तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरुवात केली. एकच भिंत होत आली. ८ जानेवारी १९४८ रोजी ते वारले. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचे त्यांना जेमतेम एक दिवस आधी कळले होते. ती भिंत १९६५ मध्ये अख्खीच्या अख्खी उचलून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेली. आज ती तिथे आहे. भिंत शाबूत उचलून नेणाऱ्या त्या इंजिनिअरांना माझा सलाम!

आता थोडे माझे. माझे वडीलही रेल्वेतच होते. भुसावळ, इटारसी, बीना, झाशी अशा बदल्या झाल्या. पुठ्ठ्याची जाड तिकिटे मी एका श्रीखंडाच्या डब्यात जमवत असे. एका बदलीत तो डबा रद्दीत गेला. मी अनेक वर्षे हळहळलो, पण नवा डबा काही सुरू केला नाही. म्हणे, जे गेले ते गेले. श्विटर्स यांचे घर पुनःपुन्हा गेले आणि दर वेळी त्यांनी, जिथे जाऊन पडलो तिथल्याच जमिनीवरून पहिला तुकडा उचलला. त्यांनी हॅनोव्हरसाठी रडत बसण्याऐवजी लंडनच्या बसची तिकिटे जमवली. आपण मराठी माणसे इथे राहून तीस तीस वर्षे झाली तरी आपले सामान मनातल्या मनात बांधूनच ठेवतो. गावाकडची आठवण हवीच, पण इथलाही एखादा तुकडा आपल्या मखरात असायला काय हरकत आहे?

म्हणून एक विनंती. या वर्षीच्या मखरासाठी प्रत्येक घराने या गावातली एक टाकाऊ वस्तू आणावी. गाडीचे जुने तिकीट, इथल्या हलवायाच्या डब्याचे झाकण, मुलाच्या शाळेच्या वहीचे कव्हर, काहीही चालेल. मी चिकटवायला बसणार आहे. श्रीखंडाचा एक रिकामा डबाही या आठवड्यात मी धुऊन ठेवला आहे.

गणपती बाप्पा मोरया!